धोंडीरामची चिकट

आमच्या कारखान्यात माणसं चिकटत्यात. कामावर जीव बसला की माणूस खुर्चीला, स्टुलाला, न्हाईतर मशीनला चिकटतो, आन् भोंगा होईस्तवर सुटत न्हाई. पाचचा भोंगा झाला की सुटतो, घरी जातो, जेवतो, सकाळी येऊन परत चिकटतो. गावात लोक इचारत्यात, "पोरगं कुठं चिकटलं का न्हाई?" त्ये हेच.

मी गेटवर असतो. नाव भैरू, आता केस पांढरे झाले म्हणून तात्या. माझी चिकट दोन किलो. गेटवरच्या माणसाला सारखी उठबस, त्याहून जास्त परवडत न्हाई.

किलो म्हंजे काय, तर एचआरकडं ताणकाटा हाय. पैलं त्यावर क्यांटीनचे कांदे मोजायचे. म्हैन्याच्या पैल्या सोमवारी एचआरवाले येत्यात, काट्याचा हूक आपल्या पट्ट्यात अडकवत्यात आन् वर वढत्यात. किती किलोला बूड हाललं त्ये तक्त्यात लिवत्यात. हेड हाफिसला सगळ्यांची मिळून सरासरी वीस किलो पायजे. आमची सात व्हती. त्यातले बरेचसे किलो जुन्या गड्यांचे. नव्या पोरांना काटा लावला की पोरगं पिसावाणी वर यायचं.

मधी एकदा मी म्यानेजर साहेबांच्या खुर्चीला गूळ लावला. काटा चाळीस दाखवाय लागला. हेड हाफिसनं त्येंला मानचिन्ह दिलं. चार दिसांनी मुंग्या आल्या, पण मानचिन्ह कुणी परत मागितलं न्हाई. त्ये अजून कपाटावर हाय.

आता धोंडीरामचं सांगतो.

धोंडीराम म्हंजे सात नंबरच्या लेथवरचा गडी. पंपाचे शाफ्ट करायचा. एकतीस वर्सं एकच मशीन, एकच स्टूल. त्येची चिकट अठ्ठेचाळीस किलो, कारखान्यात एक नंबर. बुडानं स्टुलाला आन् डाव्या तळव्यानं मशीनच्या चाकाला, असा दोन जागी चिकटायचा. उजवा हात मोकळा, त्यानं काम करायचा आन् तमाखू मळायचा. एका हातानं तमाखू कशी मळायची त्ये आमच्यात त्येला एकट्यालाच जमायचं.

त्येला चिकटवला केळुसकर साहेबांनी. तवा एचआर नव्हतं, दारावर नुसतं 'पर्सनल' लिवलेलं असायचं. केळुसकर साहेबांच्या हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आन् बुरूस. नवा गडी आला की त्येच्या मशीनपाशी जायचे आन् इचारायचे, "नाव काय रे? कार्डावरचं नको, आई कशी हाक मारते ते सांग." गडी सांगायचा. साहेब खाली वाकून मशीनवर त्ये नाव लिवायचे. एवढंच. संध्याकाळी भोंगा झाला की गडी उठायला बघायचा आन् चर्र असा आवाज यायचा. साहेब म्हणायचे, "लागला."

सात नंबरवर लिवलं, धोंडीराम.

माझ्याबाबतीत साहेबांची जरा पंचाईत झाली. गेटवर वही लिवायला लागती आन् मला अक्षर येत नव्हतं. मी चित्रं काढायचो. क्यांटीनला लाकडाची गाडी आली की वहीत बैल काढायचो. ऑडिटवाल्यानं इचारलं, हे काय. साहेब मला धोंडीरामपाशी घेऊन गेले. म्हणाले, "ह्याला अक्षरं शिकव. हा वहीत गोठा करायला लागलाय."

मग जेवणाच्या सुट्टीत मी सात नंबरपाशी जायचो, कारण त्येला उठून येता यायचं न्हाई. पैलं अक्षर त्येनं मला ध शिकवलं, सोताच्या नावातलं. म्हणला, "हे बग भैऱ्या. ध बोडका असतोय, माझ्यागत. वरनं उघडा. आन् घ टोपीवाला, वरची रेघ पुरी. हे ध्यानात ठेव." धोंडीरामनं जन्मात टोपी घातली न्हाई. डोस्कं घामेजतं म्हणायचा. लग्नात सुदिक बोडकाच उभा ऱ्हायला, सासऱ्यानं वरात थांबवली व्हती.

तर औंदा त्येचं रिटायरमेंटचं पत्र आलं. एकतीस तारीख, शनवार, पाच वाजता शेवटचा भोंगा. पत्र हातात घेतलं त्या दिशी पाचचा भोंगा झाला, सगळे चर्र चर्र करून उठले, आन् धोंडीराम उठला न्हाई.

म्हणला, "सुटंना की रं."

आमाला वाटलं, सुटंल. दुसऱ्या दिशी बी सुटला न्हाई. तिसऱ्या दिशी त्येच्या बायकोनं, हौसाक्कानं, उशी आन् वाकळ आणून दिली. मी गेटवर वहीत लिवलं, उशी एक, वाकळ एक, परत जाणार.

हौसाक्का रोज चार वाजता यायची. किटलीत चहा आन् दोन कप. एकतीस वर्सं ही बाई दुपारचा चहा एकटी पीत आली व्हती. रिटायर झाल्यावर चारचा चहा घरात, दारातल्या कट्ट्यावर बसून, असं धोंडीरामनं तिला कबूल केलं व्हतं. कट्ट्याला तिनं फरशी बी बसवून घेतली व्हती. आता खोक्यावर बसून ती त्येला चहा पाजायची आन् म्हणायची, "ही काय माझी जागा न्हाई. उठा की वो."

"उठतोय की," धोंडीराम म्हणायचा. आन् खरंच वढ काढायचा. कपाळावरची शीर फुगायची. पण मन मानत नव्हतं, त्येला त्यो काय करणार.

एवढ्यावर बी चाललं असतं. पण सात नंबरचं मशीन कंपनीनं इकलं व्हतं. कंप्युटरवालं नवं यायचं व्हतं. जुनं घेणारा शेठ राजकोटचा, ट्रक शनवारी सकाळी अकराला. आन् इक्रीच्या कागदावर लिवलं व्हतं: 'मशीन आहे त्या स्थितीत, त्यास जोडलेल्या सर्व वस्तूंसह.'

एचआरच्या नेर्लेकर मॅडम त्यो कागद घेऊन स्टोअरच्या कुंभोजकर साहेबांकडं गेल्या. स्टोअर गेटला लागूनच हाय, मला सगळं ऐकू येतं.

"माणूस वस्तूत येतो का?" मॅडमनी इचारलं.

"सर्व लिहिलंय," कुंभोजकर साहेब म्हणाले.

"शनिवारी ते रिटायर होतायत."

"पाच वाजता. ट्रक अकराला आहे. अकरा वाजता ते कामगार आहेत आणि मशीनला जोडलेले आहेत. पाचनंतरचा ट्रक असता तर मी वेगळा विचार केला असता."

"ट्रक पुढे ढकला मग."

"ट्रक माझ्या खात्याकडे नाही. माणूस तुमच्या खात्याकडे आहे. तुम्ही सोडवा."

शेठ बुधवारी माल बघायला आला. मशीनभोवती फिरला. धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवून कुंभोजकर साहेबांना इचारलं, "आ... हा चालू हाय ना?"

"चालू हाय," धोंडीरामच म्हणला. "फकस्त चारला च्या लागतो."

शेठनं त्ये लिवून घेतलं.

तर मॅडमपुढं पेच हा, की एचआरकडं माणूस चिकटवायचे सोळा फॉर्म हाईत, सोडवायचा एक बी न्हाई. मॅडम वाईट न्हाईत. वय तिशीचं, कामाला वाघीण. दोन वर्सांत त्येंनी लई काय काय केलं. वाढदिसाला केक आणला, त्यावर नाव लिवायला जागा पुरंना म्हणून टोकन नंबर लिवला. 'आपण सारे एक कुटुंब' असा ब्यानर लावला. त्यातली ब्यानरची चिकटपट्टी तेवढी चिकटली. मॅडमची सोताची चिकट दर म्हैन्याला शून्य यायची. त्या सोताच्या हातानं तक्त्यात शून्य लिवायच्या. खोटं कधी लिवलं न्हाई, हे मी बघितलंय.

त्येंनी हेड हाफिसला फोन लावला. तिकडनं सांगितलं, ज्यानं माणसं चिकटत्यात त्येच्या उलटं करा.

बुधवारी दुपारी त्येंनी धोंडीरामच्या स्टुलावरची गादी काढून घेतली. म्हंजे दोघांनी स्टूल धरलं आन् कडेनं उसवून काढली. धोंडीराम म्हणला, "बरं झालं. केळुसकर साहेबांच्या टायमाला अशीच लाकडाची फळी व्हती." काटा लावला. पन्नास.

मग नोटीस दिली. 'आपण विहित वेळेत घरी जात नाही, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' धोंडीरामनं दोनदा वाचली. डोळे पुसले. म्हणला, "मी घरी जात न्हाई हे वरपतूर कळलं म्हंजे बगा." काटा चोपन्न.

मग मॅडम चुकीच्या नावानं हाक मारून बघायला लागल्या. त्येला कारण व्हतं. मागं पेंटशापचा एक गडी, नऊ वर्सं चिकटलेला, त्येला कुणीतरी साहेब 'ए, पिवळा शर्ट' म्हणला तर जागच्या जागी सुटून खाली पडला व्हता. मॅडम सात नंबरपाशी आल्या आन् जरा लाजत म्हणाल्या, "अहो तुकाराम."

धोंडीराम हिकडं तिकडं बघाय लागला. म्हणला, "मॅडम, तुकाराम दोन नंबरवर व्हता, त्यो गेला सोडून. काय निरोप हाय का?"

मॅडम दमल्या. खोक्यावर बसल्या, हौसाक्काच्या. वही मिटली आन् इचारलं, "काका, तुम्ही पहिल्यांदा चिकटलात कसे?"

दोन वर्सांत असलं काय इचारलं नव्हतं कुणी. धोंडीरामनं सांगितलं. नावाचं सांगितलं, बुरसाचं सांगितलं. पैला शाफ्ट वाकडा झाला तवा केळुसकर साहेबांनी त्यो फेकला न्हाई, टेबलावर पेपरवेट म्हणून ठिवला, त्ये सांगितलं. आई वारली तवा साहेब चौथ्या दिशी घरी आले आन् कामावर कवा येतोस हे इचारलंच न्हाई, त्ये सांगितलं. मॅडम मधी एकदा म्हणल्या, "मग?" आन् धोंडीराम अजून सांगत बसला.

अर्ध्या तासानं मॅडमची मीटिंग व्हती. उठाय लागल्या तर खोकं संगट वर आलं.

"काका, हे काय झालं?"

"लागलं," धोंडीराम म्हणला.

मी ताणकाटा आणला. साडेतीन किलो. मॅडमनी तक्ता मागून घेतला आन् सोताच्या नावापुढं साडेतीन लिवलं. मग धोंडीरामला काटा लावला तर त्यो त्रेसष्टवर गेला. पाचला भोंगा झाला तवा मॅडम सुटल्या. धोंडीराम न्हाई.

बेस्तरवारी कुंभोजकर साहेबांनी शनवारचा गेटपास माझ्याकडं आणून दिला, वेळेवर गडबड नको म्हणून. आमच्यात दोन पास असत्यात. परत येणार आन् परत न येणार. ह्यो गुलाबी व्हता, म्हंजे परत न येणार. मी वाचला. लेथ मशीन, नग एक. लाकडी स्टूल, नग एक. माणूस, नग एक.

दुपारी चार वाजता हौसाक्का किटली घेऊन आली. गेटवर थांबली. पास माझ्या टेबलावर व्हता. तिला वाचता येत न्हाई, पण गुलाबी रंग तिला ठावा हाय.

"भावजी," ती म्हणली, "परवा त्येंला नेत्यात?"

मी पास वहीखाली सारला.

"तुमी एवढी जगाची थट्टा करता. साहेबाच्या बुडाला गूळ लावता. कवातरी कामाची थट्टा करा की."

एवढं बोलून ती आत गेली. दोन किलोचा माणूस मी, पण त्या दिशी मला बी उठायला जड गेलं.

शुक्रवारी तीन वाजता निरोप समारंभ ठरला. धोंडीरामला हॉलमधी येता येत न्हाई म्हणून समारंभच मशीनपाशी आणला. शाल, नारळ, हार, पेढे. मॅडमच्या मनात आलं की मशीनवरचं नाव पुसट झालंय, त्ये नव्यानं रंगवावं, म्हंजे जाताना का व्हईना नाव नीट असंल. पांढरा ऑइलपेंट गेटवर असतोय, आडव्या दांडीला पट्टे मारायला. मला म्हणल्या, "तात्या, तुम्ही गिरवाल का? अक्षर तेच ठेवा."

"गिरवतो की," मी म्हणलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा आन् बुरूस घेऊन गेलो. नाव मशीनच्या म्होरच्या अंगाला, धोंडीरामच्या गुडघ्याच्या खाली. चिकटल्या जागेवरनं त्येला त्ये वाकून दिसतंय, पण मी मधी बसलो.

"भैऱ्या, नीट काढ," त्यो म्हणला.

"तूच शिकवलंस की."

"लई येळ लावतोस."

"वय झालं."

केळुसकर साहेबांचं अक्षर लई झ्याक. मी एकेका रेघेवरनं बुरूस फिरवला. सगळं गिरवून झालं. मग अजून एक रेघ वढली, वरच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी. आन् वर फडकं टाकलं.

तीनला सगळे जमले. कुंभोजकर साहेब चार वाक्यं बोलले, त्यातली तीन मशीनबद्दल व्हती. मॅडमनी शाल घातली. फेटा बी आणला व्हता, धोंडीराम म्हणला नको. हौसाक्का खोक्यापाशी किटली घेऊन उभी. मग मॅडम म्हणल्या, "आता नावावरचं कापड काढूया," आन् सोता काढलं.

धोंडीराम वाकला. वाचलं. परत वाचलं.

घोंडीराम.

मॅडमच्या ध्यानात आलं न्हाई. कुणाच्याच आलं न्हाई, सगळे टाळ्या वाजवत व्हते. धोंडीरामनं मान वर केली आन् सगळ्यांतनं मला हुडकून काढलं.

"भैऱ्या, ह्यो कोण?"

"तूच की."

"ही टोपी कुणी घातली?"

"कसली टोपी?" मी म्हणलं. "तुझंच नाव हाय. एकतीस वर्सं हेच हाय."

टाळ्या थांबल्या. नोटिशीनं गहिवरलेला, गादी काढली तर बरं म्हणलेला गडी. त्यो बारीक आवाजात म्हणला, "दुसरं कुणी चुकलं असतं तर चाललं असतं रं. तुला बी येत न्हाई व्हय माझं नाव?"

मी म्हणलं, "न्हाई येत."

पैली करंगळी सुटली. मग एकेक बोट, चर्र, चर्र, जुन्या भिंतीवरनं पोस्टर काढल्यागत. तळवा सुटला. तळव्यावर चाकाचा गोल ठसा उमटला व्हता, त्यो त्येनं पँटीला पुसला. मग उभा ऱ्हायला. पँटीचा एक तुकडा स्टुलावर ऱ्हायला, मागचं भोक शालीनं झाकलं गेलं. आठराव्या दिशी गडी सोताच्या पायावर उभा व्हता आन् कुणाला टाळ्या वाजवाव्या का न्हाई कळंना.

कुंभोजकर साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाचपर्यंत ड्यूटी आहे," त्ये म्हणले.

"आजची अर्धी आणि उद्याची पूर्ण रजा टाकते," मॅडम म्हणल्या आन् तितंच मांडीवर फॉर्म भरला.

हौसाक्कानं किटली उचलली, त्येचा हात धरला आन् घेऊन गेली. गेटमधनं जाताना त्येनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी वहीत लिवलं, उशी एक, वाकळ एक, परत गेली.

संध्याकाळी मॅडम तक्ता घेऊन गेटवर आल्या. धोंडीरामपुढं शून्य लिवलं व्हतं. शेजारी 'कारण' असा रकाना व्हता, त्यो मोकळा.

"काय लिहू, तात्या?"

"शुद्धलेखन लिवा."

त्येंनी कोपऱ्यातला पांढरा डबा बघितला. मग लिवलं, शुद्धलेखन.

शनवारी अकराला ट्रक आला. गुलाबी पासावरचं 'माणूस, नग एक' मॅडमनी लाल पेनानं खोडलं आन् सही केली. शेठनं जरा कुरकुर केली, त्येनं चारच्या चहाची तजवीज करून ठिवली व्हती. मशीन गेलं. त्यावर घोंडीराम तसाच. राजकोटला आता सगळे घोंडीराम म्हणत असतील, तिकडं कुणाला काय त्येचं.

पुढच्या म्हैन्यात हेड हाफिसचं परिपत्रक आलं. 'सर्व कर्मचाऱ्यांची नावे शुद्ध लिहावीत. चुकीमुळे त्रेसष्ट किलोपर्यंत नुकसान होते.' मॅडमनी पांढऱ्या पेंटचा एक डबा मागवून घेतला. आता त्या नव्या पोरांना इचारत फिरत्यात, आई कशी हाक मारते म्हणून. सरासरी अकरावर गेली. मॅडम सोता नऊ किलो हाईत, मीटिंगला टेबलासकट जात्यात.

आमच्यातली पोरं मला चिडवत्यात. "तात्या, ध चा मा केलासा." मी सांगतो, मा न्हाई केला, घ केला. बारकी चूक हाय. मला आदीपासनं ध आन् घ सारखेच दिसत्यात. ऑडिटवाल्याला इचारा, मी बैल काढायचो.

धोंडीराम दोन म्हैने आला न्हाई. बाजारात दिसला तर दुसऱ्या गल्लीत वळायचा. मी हाक मारली न्हाई, काय म्हणून मारणार.

परवा मंगळवारी पावणेपाचला गेटपुढं एक माणूस उभा ऱ्हायला. डोक्यावर पांढरी टोपी, नवी, इस्तरीची घडी अजून मोडली नव्हती. कपाळावर घाम.

"आत जायचंय," म्हणला. "पीएफचा कागद सही करायचाय. वहीत नाव घाल."

"कुणाचं?"

"घोंडीरामचं."

मी वही उघडली. पेन काढलं. त्यो टेबलाला टेकून वहीत बघत उभा.

"चारचा चहा झाला का?" मी इचारलं.

"झाला. कट्ट्यावर. तिनं चार वेळा इचारलं, साखर बराबर हाय का म्हणून." टोपीखालनं घामाचा वघळ कानामागं आला, त्यो त्येनं पुसला न्हाई. "लिव की."

"लिवतो," मी म्हणलं. "आदी टोपी काढ."

त्येनं काढली. मग मी लिवलं.